ठिणगी कधी पडावी? जुन्या गाडीचं टायमिंग पहिल्यांदा लावणाऱ्यासाठी

हौसेने जुनी प्रीमियर पद्मिनी किंवा अँबॅसॅडर घेतलेल्या माणसाला एक वाक्य लवकरच ऐकायला मिळतं: "टायमिंग आउट आहे, साहेब." बहुतेक वेळा ते खरंही असतं. मिस्त्री बॉनेट उघडतो, डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगना ठिणगीचा करंट वाटणाऱ्या डब्याच्या, बुडाचा बोल्ट सैल करतो, इंजिन चालू ठेवून डिस्ट्रिब्युटर हाताने जरासा इकडे, जरासा तिकडे फिरवतो. आवाज बदलतो, बोल्ट आवळला जातो आणि मिस्त्री म्हणतो, "बघा आता कशी पळते." पळतेही. फक्त आठवड्याभरात पेडर रोडच्या चढावर इंजिनातून टिणटिण ऐकू येऊ लागते, आणि गाडी पुन्हा त्याच्याच दारात.

हे काम घरी, सोसायटीच्या आवारात करता येतं. लागणारं सामान एका पिशवीत मावतं. अवघड भाग डोक्यातला आहे. आपण नेमकं काय पुढेमागे करतोय हे एकदा कळलं की पाना धरणं कोणालाही जमतं. म्हणून आधी थोडं इंजिनाच्या पोटात शिरू.

उदाहरणाला पद्मिनीच घेतो, कारण ती इथली, मुंबईची आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० या गाडीचं जे रूप तयार होत असे, त्यालाच पुढे पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, एक कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा), एक डिस्ट्रिब्युटर, कॉम्प्युटरचा पत्ता नाही. शेवटची काळीपिवळी पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. खासगी मालकांकडे मात्र अजून बऱ्याच आहेत. अँबॅसॅडर, काँटेसा किंवा कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० असली तरी तत्त्व हेच. आकडे प्रत्येकीचे वेगळे.

आग लागायला वेळ लागतो

पिस्टन वर येतो, पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं, पिस्टन वरच्या टोकाला पोचला की ठिणगी पडते, स्फोट होतो आणि पिस्टन खाली फेकला जातो. शाळेत आपण असंच शिकतो. यात दोन गफलती आहेत. पहिली, नीट चालणाऱ्या इंजिनात स्फोट होत नाही. प्लगपाशी एक छोटी ज्योत पेटते आणि ती पसरत पसरत सिलिंडरच्या भिंतीपर्यंत जाते. दुसरी, पिस्टन अगदी वरच्या टोकाला असताना ठिणगी पडली, तर उशीर झालेला असतो. ज्योत पसरून दाब तयार होईपर्यंत पिस्टन खाली निघालेला असतो, आणि जोर लावायचा मोका हुकतो.

८:१२ ची लोकल पकडायची तर आपण ८:१२ ला घर सोडत नाही. स्टेशनपर्यंत चालायला जेवढा वेळ लागतो, तेवढं आधी निघतो. ठिणगीचंही तसंच आहे. ज्योतीला पसरायला लागणारा वेळ धरून ती पिस्टन वर पोचण्याच्या आधीच पाडावी लागते. या 'आधी'ला गॅरेजच्या भाषेत अ‍ॅडव्हान्स म्हणतात, आणि उशिराला रिटार्ड.

किती आधी, ते मिनिट-सेकंदात मोजत नाहीत, अंशात मोजतात. क्रँकशाफ्टचा, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचा, एक पूर्ण फेरा म्हणजे ३६० अंश. पिस्टन वरच्या टोकाला, म्हणजे टॉपला पोचण्याच्या १० अंश आधी ठिणगी पडत असेल, तर टायमिंग १० अंश अ‍ॅडव्हान्स. सगळी गंमत या अंशांत आहे, म्हणून थोडं गणित करू.

गाडी न्यूट्रलमध्ये उभी आहे, इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी चाललंय. एका फेऱ्याला ७५ मिलिसेकंद लागतात. मिश्रण जळायला साधारण २ मिलिसेकंद लागतात असं धरू. २ मिलिसेकंदांत क्रँकशाफ्ट फिरेल जेमतेम १० अंश. आता तीच गाडी फ्रीवेवर ३००० फेऱ्यांनी चाललीय. एका फेऱ्याला फक्त २० मिलिसेकंद. ज्योतीला तेवढेच २ मिलिसेकंद हवेत, पण तेवढ्यात क्रँकशाफ्ट ३६ अंश फिरून जातो. प्रत्यक्षात वेग वाढला की सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त घुसळलं जातं आणि थोडं लवकर जळतं, त्यामुळे हिशेब इतका सरळ नसतो. तरीही मुद्दा राहतोच: वेग वाढेल तसा अ‍ॅडव्हान्स वाढवावा लागतो. अशा बऱ्याच जुन्या इंजिनांत न्यूट्रलला ५ ते १० अंश आणि पूर्ण वेगात एकूण तीसच्या आसपास अंश लागतात. सगळ्यात जास्त दाब टॉपनंतर साधारण १५ अंशांच्या आसपास यावा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. त्या कोनात पिस्टनचा जोर क्रँकशाफ्टला सगळ्यात चांगला लागू पडतो.

मोटारींच्या सुरुवातीच्या काळात हा अ‍ॅडव्हान्स ड्रायव्हर हाताने द्यायचा. फोर्डच्या १९०८ च्या मॉडेल टीमध्ये स्टीअरिंगखाली डाव्या बाजूला त्यासाठी खास दांडी होती. हँडल मारून गाडी चालू करताना दांडी रिटार्डवर आणायला विसरलात, तर हँडल उलट्या दिशेने झटका देई आणि मनगट मोडे. हँडलची सोय असलेल्या गाडीत आजही तेच होऊ शकतं. म्हणून हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याला विळखा घालायचा नाही.

डिस्ट्रिब्युटरच्या आत

आपल्या गाडीत ही दांडी नाही. ते काम डिस्ट्रिब्युटर स्वतः करतो. त्याचं झाकण, म्हणजे कॅप, काढली की वर दिसतो रोटर. तो फिरत फिरत पाळीपाळीने प्रत्येक प्लगच्या वायरला करंट देतो. पद्मिनीत ही पाळी १-३-४-२ अशी आहे. रोटर काढला की खाली पॉइंट दिसतात: धातूच्या दोन छोट्या टिकल्या, कधी चिकटलेल्या, कधी सुटलेल्या. मधल्या दांड्याला चार कोपरे असतात. कोपरा आला की पॉइंट उघडतात, पुढे गेला की बंद होतात.

पॉइंट बंद असताना बॅटरीचा करंट कॉइलमधून वाहतो आणि कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले की करंट तुटतो, ते क्षेत्र कोसळतं, आणि कॉइलच्या दुसऱ्या, हजारो वेढ्यांच्या तारेत पंधरा-वीस हजार व्होल्टचा झटका तयार होतो. तो रोटरमार्गे प्लगपर्यंत जातो. म्हणजे ठिणगी पडते ती पॉइंट उघडण्याच्या क्षणी. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी टायमिंगचं निम्मं काम समजलं: टायमिंग लावणं म्हणजे पॉइंट कोणत्या क्षणी उघडावेत, ते ठरवणं. ३००० फेऱ्यांना हे उघडणं सेकंदाला शंभर वेळा होतं. ही रचना अमेरिकन इंजिनियर चार्ल्स केटरिंगची. १९१० च्या कॅडिलॅकमध्ये ती आली आणि पुढची सात दशकं जगभरच्या गाड्या तिच्यावर चालल्या.

पॉइंटला समांतर जोडलेला छोटा डबा म्हणजे कंडेन्सर. तो नसेल तर पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी उडते, टिकल्या जळतात आणि प्लगला काही उरत नाही. कंडेन्सर गेला की गाडी मिसिंग करते. लोक मात्र टायमिंगला दोष देऊन डिस्ट्रिब्युटर फिरवत बसतात.

पॉइंटच्या प्लेटखाली दोन छोटी वजनं आणि दोन स्प्रिंग असतात. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि वरच्या कोपऱ्यांच्या दांड्याला थोडं पुढे फिरवतात. पॉइंट आपोआप लवकर उघडतात. हाच वेगावरचा अ‍ॅडव्हान्स. काही गाड्यांत डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला एक चपटी डबी आणि कार्ब्युरेटरकडे जाणारी बारीक नळीही असते. एक्सलेटर हलका दाबलेला असताना सिलिंडरमध्ये मिश्रण कमी जातं, ते विरळ असतं आणि सावकाश जळतं. अशा वेळी ही डबी इंजिनाच्या व्हॅक्यूमवर अजून थोडा अ‍ॅडव्हान्स देते. एक्सलेटर पूर्ण दाबला की व्हॅक्यूम जातो आणि तो जास्तीचा अ‍ॅडव्हान्सही निघून जातो. कॉम्प्युटर नसतानाच्या काळातली ही करामत मला आजच्या ईसीयूपेक्षा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरपेक्षा, जास्त आवडते, पण ते वयामुळे असेल.

आपण बोल्ट सैल करून डिस्ट्रिब्युटर फिरवतो तेव्हा यातलं काहीच बदलत नाही. बदलतो तो फक्त पाया, म्हणजे न्यूट्रलचे ते ५ किंवा १० अंश. वरची सगळी भर वजनं आणि डबी आपल्या परीने घालत राहतात. म्हणून पाया चुकला की सगळ्या वेगांना चुकतो.

लवकर आणि उशीर

ठिणगी उशिरा पडली तर गाडी मंद होते. पिकअप जातो, एक्सलेटर जास्त दाबावा लागतो, पेट्रोल जास्त जातं. मिश्रण जळता जळता एक्झॉस्टमधून बाहेर पडतं, त्यामुळे सायलेन्सरकडचा भाग आणि पर्यायाने पाणी तापतं. सायन सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये रेडिएटर उकळत असेल, तर थर्मोस्टॅट बदलण्याआधी टायमिंग बघा.

लवकर पडली तर त्रास जास्त वाईट. पिस्टन अजून वर येत असतानाच दाब वाढायला लागतो. प्लगपासून दूर कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दोन्ही बाजूंनी दाबलं जाऊन इतकं तापतं, की ज्योत तिथे पोचायच्या आत ते स्वतःहून एकदम पेटतं. तेव्हा मात्र खरोखर स्फोट होतो. चढावर, वरच्या गिअरमध्ये, एक्सलेटर दाबल्यावर येणारी ती टिणटिण, गाडी 'ठोकते' म्हणतात ती, हीच. अधूनमधून एखाद-दुसरी चालून जाते. रोज ठोकणाऱ्या इंजिनाचे पिस्टन आणि हेड गॅस्केट हळूहळू खराब होतात.

आता मिस्त्रीच्या कानाकडे येऊ. न्यूट्रलला इंजिनाला अ‍ॅडव्हान्स वाढवून द्या, ते जास्त वेगाने आणि गुळगुळीत चालतं. बराच पुढे नेईपर्यंत ते चांगलंच वाटत राहतं, कारण न्यूट्रलला इंजिनावर भार नसतो आणि ठोकायला कारण नसतं. त्यामुळे कानाने लावलेलं टायमिंग जवळजवळ नेहमी गरजेपेक्षा पुढे जातं. आवारात गाडी सुरेख वाटते आणि चढावर रडते. अनुभवी मिस्त्रींना हे माहीत असतं. ते सगळ्यात चांगल्या आवाजापाशी थांबत नाहीत, तिथून थोडं मागे येतात, आणि मग एक फेरी मारून बघतात. घाईत असलेले पहिल्याच गुळगुळीत आवाजावर बोल्ट आवळतात. नवशिक्याने कानाच्या वाटेला जाऊ नये. टायमिंग दिव्याने लावावं.

आधी फट, मग दिवा

माझ्या भाच्याने मागच्या वर्षी एक पद्मिनी घेतली आणि तो टायमिंग लाइट (चालत्या इंजिनाचं टायमिंग दाखवणारं उपकरण) घेऊनच माझ्याकडे आला. "मामा, हा बरोबर आहे ना?" बरोबर होता, पण त्याची पाळी शेवटची. मी त्याला फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्र्याच्या पानांचा जुडगा, दिला. "आधी पॉइंटची फट." "पण मला टायमिंग शिकायचंय." "फट चुकली तर तू शिकशील ते टायमिंगही चुकलेलंच."

कारण सरळ आहे. फट मोठी असेल तर पॉइंट कोपऱ्यावर लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग पुढे सरकतं. फट लहान असेल तर उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे पडतं. फट बदलली की टायमिंग बदलतं; टायमिंग बदललं म्हणून फट बदलत नाही. म्हणून क्रम ठरलेला: प्लग आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) ठीकठाक, मग फट, मग टायमिंग, आणि कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की दिवसभर एकाच जागी फिरत राहता.

इंजिन फिरवत कोपरा पॉइंटच्या टाचेखाली (दांड्यावर घासणाऱ्या भागाखाली) बरोबर आणा, म्हणजे पॉइंट सगळ्यात जास्त उघडलेले असतील. त्या जागी फीलर गेज घाला. अशा गाड्यांत फट साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या. पान सरकताना हलकीशी ओढ जाणवली पाहिजे, ना सैल ना घट्ट. जुन्या पॉइंटवर एका टिकलीला खड्डा आणि दुसरीला टेंगूळ आलेलं असतं. तिथे गेज टेंगळावर टेकतो आणि फट दिसते त्यापेक्षा जास्त असते. असे पॉइंट घासत बसू नका, बदला. ते स्वस्त असतात. मोजून झाल्यावर गेजचं तेल टिकल्यांवर राहतं, ते जुन्या व्हिजिटिंग कार्डाचा कोरा तुकडा मधे सरकवून पुसून घ्या. हे वरवर बारीक वाटतं, पण नवीन पॉइंट टाकूनही गाडी चालू होत नाही, तेव्हा कित्येकदा कारण हेच असतं.

समुद्राजवळ गाडी बरेच महिने उभी राहिली असेल, तर पॉइंटवर गंजासारखा थर येतो आणि करंटच जात नाही. बारीक पॉलिश पेपरचे दोन हात मारले की गाडी जिवंत होते.

आता टॉप शोधायचा. एक नंबरचा सिलिंडर रेडिएटरकडचा. चारही प्लग काढा, इंजिन हलकं फिरतं. फिरवायला हँडल, पुलीच्या नटवर पाना, किंवा चौथा गिअर टाकून कोणालातरी गाडी हळूच ढकलायला सांगणं, काहीही चालेल. गाडी सपाट जागी हवी, इग्निशन बंद. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवा. एका फेरीत हवा अंगठ्याला जोराने ढकलेल, पुढच्या फेरीत नाही. ढकलेल ती आपली फेरी. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन दोनदा वर येतो, पण ठिणगी एकदाच हवी असते. दुसऱ्या फेरीवर टायमिंग लावलं तर गाडी चालू होत नाही आणि कार्ब्युरेटरमधून फटाके वाजतात.

पुढच्या पुलीवर खूण आणि तिच्याजवळ इंजिनावर काटा किंवा रेघा असतात. तेल आणि धूळ खरवडा, खुणेला पांढरा रंग किंवा नेलपॉलिश लावा. फक्त टॉपची खूण असेल आणि १० अंशांची नसेल, तर हिशेबाने काढता येते. पुलीचा व्यास १३० मिलिमीटर असेल तर परिघ साधारण ४०८, आणि १० अंश म्हणजे परिघाचा छत्तिसावा भाग, ११ मिलिमीटरहून थोडं जास्त. तेवढ्या अंतरावर, टॉपची खूण काट्याशी यायच्या आधी काट्यापाशी येईल अशा बाजूला, दुसरी खूण करा.

इंजिन फिरवत ही खूण काट्यापाशी आणून थांबा. पुढे गेलात तर तेवढंच मागे आणू नका; बरंच मागे नेऊन पुन्हा पुढे या. आतल्या चेनला आणि गिअरना थोडी ढील असते, ती नेहमी एकाच बाजूची राहायला हवी.

मग दिवा. बारा व्होल्टचा छोटा बल्ब, दोन वायरी. एक वायर डिस्ट्रिब्युटरला कॉइलकडून येणाऱ्या बारीक वायरीच्या टोकाला, दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूला. इग्निशन चालू करा, इंजिन नाही. पॉइंट बंद असताना करंट पॉइंटमधून इंजिनाच्या धातूत जातो आणि बल्ब विझलेला राहतो. पॉइंट उघडले की करंटला बल्बखेरीज रस्ता उरत नाही, आणि बल्ब लागतो. म्हणजे हा बल्ब ठिणगीचा क्षणच दाखवतो. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट एवढाच सैल करा की तो हाताने जोर लावून फिरेल. आधी रोटर फिरतो त्याच दिशेने फिरवून बल्ब विझवा, मग उलट दिशेने केसभर केसभर सरकवत जा. बल्ब लागला त्या जागी थांबा आणि बोल्ट आवळा. रोटरच्या दिशेने फिरवलं की रिटार्ड, उलट फिरवलं की अ‍ॅडव्हान्स. हे एकदा पाठ केलं की पुढे गोंधळ होत नाही. आणि डिस्ट्रिब्युटरचा एक अंश म्हणजे क्रँकशाफ्टचे दोन, कारण तो निम्म्या वेगाने फिरतो. म्हणून हात अगदी हलका हवा.

आवळताना डिस्ट्रिब्युटर हलतोच. म्हणून इंजिन दोन फेऱ्या फिरवून खूण पुन्हा काट्याकडे आणा आणि बल्ब नेमका तिथेच लागतो का ते बघा. भाच्याला तिसऱ्या वेळी जमलं. "मामा, लागला!" तो इतक्या जोरात ओरडला, की वॉचमन बघायला आला. एक सावधानी: पॉइंट बंद असताना इग्निशन बराच वेळ चालू राहिलं तर कॉइल तापते. बघून झालं की बंद करा.

टायमिंग लाइट आणि चढ

बल्बने गाडी चालू होईल इतपत, आणि बहुतेक वेळा त्याहून चांगलं, टायमिंग लागतं. पण तो फक्त थांबलेल्या इंजिनाचं सांगतो. चालत्या इंजिनात वजनं नीट बाहेर येतात का, दांडा डगमगतो का, हे त्याला दिसत नाही. त्यासाठी टायमिंग लाइट. तिची चिमटी एक नंबरच्या प्लगच्या वायरला लावायची. प्रत्येक ठिणगीला एक झगमगाट होतो आणि फिरती पुली थांबल्यासारखी दिसते. नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या दुकानांत विचारा, किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर स्पेअर पार्टवाल्यांकडे.

इथे एक गंभीर सूचना. त्या प्रकाशात पंखाही स्थिर दिसू शकतो. तो फिरत असतो. बाह्या वर, गळ्यातली साखळी, ओढणी, लोंबणारी वायर, काहीही जवळ नको. भाच्याला मी ही गोष्ट दोनदा सांगितली, तुम्हालाही दोनदा वाचायला हरकत नाही.

व्हॅक्यूमची नळी असेल तर काढून तोंड बंद करा, इंजिन गरम होऊ द्या, न्यूट्रलच्या वेगावर खूण कुठे दिसते ते बघा. मग हळूहळू रेस वाढवा. खूण एका दिशेने सावकाश, न अडखळता सरकत गेली तर वजनं आणि स्प्रिंग ठीक आहेत. जागची हललीच नाही तर वजनं गंजून अडकली आहेत. एका जागी न थांबता इकडेतिकडे नाचत असेल, तर डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याची बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) झिजली आहे. मग कितीही नेमकं लावा, प्रत्येक सिलिंडरला वेगळं टायमिंग मिळणार. अशा वेळी डिस्ट्रिब्युटर उघडून घेणं किंवा दुसरा शोधणं, दुसरा इलाज नाही.

शेवटची परीक्षा रस्त्यावर. रविवारी सकाळी केम्प्स कॉर्नरवरून मलबार हिलकडे चढणारा रस्ता त्यासाठी चांगला. इंजिन गरम, वरचा गिअर, एक्सलेटर जोरात. अगदी पुसटशी टिणटिण येऊन लगेच थांबली तर चालेल. चढभर येत राहिली तर एक-दोन अंश मागे या. काहीच आली नाही आणि गाडी मंद वाटली, तर एखादा अंश पुढे. प्रत्येक वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहून ठेवा.

वहीत लिहायचं कारण पेट्रोल. मॅन्युअलमधला आकडा त्या काळच्या पेट्रोलसाठी होता. आजच्या पेट्रोलचा ऑक्टेन जास्त आहे, म्हणजे ते ठोकायला कमी धजतं, आणि त्यात २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरवर मिश्रण विरळ होतं आणि विरळ मिश्रण सावकाश जळतं. दोन्ही कारणांनी इंजिनाला कधीकधी मॅन्युअलपेक्षा एक-दोन अंश जास्त आवडतात. रबराच्या जुन्या नळ्यांना मात्र इथेनॉल मानवत नाही. बॉनेट उघडलंच आहे तर त्या चाचपून घ्या.

सीएनजीवर चालणाऱ्या जुन्या पद्मिनींचा प्रश्न वेगळाच. सीएनजी पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो आणि त्याचा ऑक्टेन फार वरचा, म्हणून त्याला जास्त अ‍ॅडव्हान्स लागतो. सीएनजीला सोयीचं लावलं की पेट्रोलवर गाडी ठोकते, पेट्रोलला सोयीचं लावलं की सीएनजीवर दम लागतो. टॅक्सीवाले बहुतेक सीएनजीच्या बाजूने कौल द्यायचे, कारण दिवसभर चालायचं त्यावरच. अशी जुनी टॅक्सी घेऊन पेट्रोलवर आणली असेल, तर आधी टायमिंग तपासाच.

पावसाळ्यात सकाळी गाडी खोकत असेल, तर डिस्ट्रिब्युटरला हात लावायच्या आधी कॅप काढून आतून कोरड्या कपड्याने पुसा. संध्याकाळी अंधारात इंजिन चालू ठेवून बघितलंत तर ओल्या किंवा तडकलेल्या कॅपवर आणि वायरींवर निळसर ठिणग्या सरपटताना दिसतात. तो करंट प्लगपर्यंत पोचतच नाही. टायमिंगचा त्यात काही दोष नसतो.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवता येतं. त्यात फट नाही, झीज नाही. रोज चालवायची गाडी असेल तर मी ते नाकारणार नाही. पण पायाचं टायमिंग त्यावरही लावावंच लागतं, आणि किट बंद पडलं तर रस्त्याच्या कडेला काही करता येत नाही. जुने पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत ठेवा.

पॉइंटच ठेवणार असाल तर कोपऱ्यांच्या दांड्यावर ग्रीसचा बारीक ठिपका लावा, जास्त नको, उडून टिकल्यांवर जातं. नवीन पॉइंटची टाच सुरुवातीला भरभर झिजते आणि फट कमी होते. म्हणून पाचेकशे किलोमीटर झाले की फट पुन्हा मोजा, आणि ती सरकवावी लागली तर बल्बही पुन्हा लावा.